गुडघ्याखाली पाय कापल्यावर: स्टंप बांधण्यापासून जयपूर फूट वापरण्यापर्यंत

कृत्रिम पाय टोचतो, सैल होतो, चार पावलांत दुखायला लागतो आणि मग दाराआडच्या कोपऱ्यात उभा राहतो. दोष पायाला दिला जातो. गडबड मात्र बहुतेक वेळा आधीच झालेली असते: सूज उतरण्याआधी माप दिलेले असते, गुडघा वाकडा राहिलेला असतो, किंवा पाय मिळाल्यावर स्टंप, म्हणजे कापणीनंतर उरलेला पायाचा भाग, बारीक होत गेला तरी मोजे वाढवायचे असतात हे कुणी सांगितलेलेच नसते. म्हणून इथे पायापेक्षा स्टंपबद्दल जास्त लिहिले आहे. सगळे गुडघ्याखालच्या कापणीबद्दल आहे. मांडीतून कापलेल्या पायाचे बांधणे आणि व्यायाम वेगळे असतात.

पहिले पंधरा दिवस: उशी नको

ऑपरेशननंतर घरचे लोक मायेने पहिली गोष्ट करतात ती म्हणजे स्टंपखाली उशी ठेवतात. पेशंटला बरे वाटते, कारण गुडघा थोडा वाकला की ताण कमी होतो. पण तसाच आठवडाभर राहिला तर मांडीमागचे स्नायू आखडतात आणि गुडघा सरळ होईनासा होतो. दहा-पंधरा अंशांचा वाकडेपणाही सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंप ज्यात बसतो तो वरचा भाग, बसवताना नडतो. त्याहून जास्त असेल तर पाय बसवणारा माणूस आधी फिजिओथेरपिस्टकडे परत पाठवतो, आणि महिना-दोन महिने त्यातच जातात.

तेव्हा गादी सपाट आणि गुडघा सरळ. खाटेच्या कडेवरून स्टंप लोंबकळत ठेवून बसायचे नाही. व्हीलचेअरवर बसताना सीटवर, मांडीखालून पुढे येईल अशी एक फळी सरकवायची आणि स्टंप तिच्यावर सरळ ठेवायचा. ही फळी कोणताही सुतार करून देतो, वर जुन्या गोधडीची घडी पुरते. दिवसातून दोन-तीन वेळा वीस-तीस मिनिटे पालथे झोपायचे, म्हणजे कंबरेचा सांधाही आखडत नाही. दम लागतो किंवा हृदयाचा त्रास आहे म्हणून पालथे झोपता येत नसेल, तर पाठीवर, मांडीखाली काही न घेता सपाट पडून राहावे.

याच दिवसांत एक अपघात नेहमी होतो. रात्री लघवीला उठताना, झोपेत, माणूस नसलेल्या पायावर उभा राहायला जातो, कारण मेंदूच्या हिशेबात तो पाय अजून असतो. पडणे थेट स्टंपच्या टोकावर होते आणि टाके उसवतात. त्या बाजूला खाटेला लागून खुर्ची किंवा वॉकर आडवा ठेवा, म्हणजे उठताना हात आधी त्यावर जाईल. एक बारीक दिवा रात्रभर चालू असू द्या. युरिन पॉट हाताशी असेल तर उठण्याचीच गरज पडत नाही.

क्रेप बँडेज

बांधण्याचे काम दोन: सूज उतरवणे आणि स्टंपला खाली निमुळता आकार देणे. केव्हा सुरू करायचे हे सर्जनने सांगायचे. पायाच्या रक्तवाहिन्या बंद झाल्यामुळे पाय कापला असेल तर किती घट्ट बांधायचे हेही विचारून घ्यावे.

साहित्य साधे आहे: दहा सेंटिमीटर रुंदीची (दुकानात चार इंची म्हणतात) दोन क्रेप बँडेज, आणि धुवायला टाकता यावीत म्हणून तशीच आणखी दोन. टोक अडकवायला कागदी चिकटपट्टी. बँडेजसोबत येणाऱ्या धातूच्या क्लिपा फेकून द्या. मधुमेहात कातडीला टोचलेले कळत नाही आणि त्या क्लिपेची जखम महिनाभर भरत नाही.

बांधताना खाटेच्या कडेला बसून स्टंप स्टुलावर सरळ ठेवावा. मग:

१. बँडेजचे टोक गुडघ्याच्या वाटीखाली, बाहेरच्या बाजूला धरा. तिथून तिरपे, स्टंपच्या पुढून खाली आतल्या कोपऱ्याकडे न्या.
२. स्टंपच्या टोकाचा अर्धा भाग झाकत मागून वळवा आणि तिरपे वर, पहिल्या पट्टीला फुलीसारखे छेदत आणा. अशी इंग्रजी आठाची वेटोळी. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा निम्मा भाग झाकतो.
३. तीन-चार वेढ्यांनंतर एक वेढा गुडघ्याच्या वर, मांडीच्या खालच्या भागाभोवती घ्या, म्हणजे बँडेज घसरणार नाही. वाटी उघडी राहिली तर बरे.
४. दुसरे बँडेज उलट बाजूने, आतल्या अंगाने सुरू करा. पहिल्याने टोकाची जी बाजू उघडी राहिली ती याने झाकली जाते.

सगळा ताण टोकाशी, वर जाताना तो कमी कमी. शेवटच्या वेढ्याखाली बोट सहज शिरले पाहिजे. लोक नेमके उलटे करतात: वर गच्च आवळतात आणि खाली सैल सोडतात, किंवा बांगड्या भरल्यासारखे गोल गोल वेढे घेतात. गोल वेढा दोरीसारखा आवळतो, त्याखालचे रक्त आणि पाणी अडते आणि टोक दुधी भोपळ्यासारखे फुगते. असा फुगलेला स्टंप सॉकेटमध्ये जात नाही. दुसरी चूक कोपऱ्यांची. टोकाच्या दोन्ही बाजूंना मांसाचा गोळा उघडा राहतो, त्याला कानासारखा आकार येतो आणि पुढे नेमका तोच सॉकेटच्या तोंडाशी चिमटतो.

दर चार ते सहा तासांनी सोडून कातडी बघा आणि पुन्हा बांधा, कारण क्रेप हलत्या अंगावर सैल होतेच. रात्रीही बांधूनच झोपायचे. ठणका लागला, टोक निळसर दिसले किंवा बधिर झाले, तर लगेच सोडा. बँडेज कोमट पाण्यात साबणाने धुवा. पिळू नका, दोरीवर टांगू नका. टॉवेलमध्ये दाबून सावलीत आडवे पसरा. पिळलेल्या, उन्हात वाळवलेल्या क्रेपचा ताण लवकर जातो, आणि ताण गेलेले बँडेज म्हणजे नुसता फडका.

जखम पूर्ण भरल्यावर बँडेजऐवजी स्टंप श्रिंकर, म्हणजे नळीसारखा घट्ट इलॅस्टिक मोजा, वापरता येतो. ज्यांना एकट्याने बांधणे जमत नाही त्यांना तोच बरा. टाके असेपर्यंत मात्र नको. ओढून चढवताना जखमेवर ताण येतो.

व्यायाम आणि टाक्याची जागा

व्यायाम मोजकेच, पण रोज. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचे, सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. पाय सरळ ठेवून वर उचलणे, कुशीवर झोपून बाजूला उचलणे, पालथे झोपून मागे उचलणे, हेही तितकेच. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन बूड उचलले की कुबड्यांसाठी दंड तयार होतात.

कुबडी काखेत टेकवायची नसते. तिची गादी काखेपासून दोन-तीन बोटे खाली आणि सगळे वजन तळहातांवर. काखेत रेलून उभे राहिले तर तिथली नस दाबली जाते आणि मनगट लुळे पडते. खालचे रबरी बूच झिजून गुळगुळीत झाले असेल तर बदला. ओल्या फरशीवर त्याच्याइतका दगा दुसरे काही देत नाही.

जखम भरल्यावर व्रणावर अंगठ्याने लहान गोल फिरवत रोज पाच मिनिटे मालीश करा. व्रण आतल्या हाडाला चिकटला तर सॉकेटमध्ये कातडी सरकत नाही, फाटते. स्पर्श सहन होत नसेल तर आधी कापूस, मग मऊ कापड, मग टर्किश टॉवेल अशा चढत्या क्रमाने चोळावे.

नसलेला पाय दुखतो

बोटे मुरगळल्यासारखी, तळवा जळल्यासारखा, घोट्यात सळ आल्यासारखी. ही कळ खरी असते. तो भास नाही, मनाचे खेळ नाहीत आणि बाहेरचे तर मुळीच नाही. कापलेल्या नसा आणि मेंदूतला त्या पायाचा नकाशा, दोन्ही अजून जागे असतात. घट्ट बांधल्याने, स्टंप थोपटल्याने आणि पुढे पाय वापरायला लागल्यावर अनेकांना ती कमी होते.

आरशाचा उपाय १९९० च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी पुढे आणला. सुरुवात हाताच्या पेशंटपासून झाली, नंतर तो पायासाठीही वापरला गेला. लांबट आरसा दोन्ही पायांच्या मध्ये उभा धरायचा, चांगला पाय त्यात दिसेल आणि स्टंप मागे लपेल असा. आरशात बघत चांगला पाय हळूहळू हलवायचा आणि तीच हालचाल नसलेल्या पायानेही करतोय असे मनाने करायचे. रोज पंधरा मिनिटे, निदान चार आठवडे. सगळ्यांना गुण येतोच असे नाही, पण खर्च एका आरशाचा आहे. तरीही झोप उडत असेल तर नसांच्या दुखण्यावरची औषधे डॉक्टर देतात. साध्या वेदनाशामक गोळ्या या कळीवर फारशा चालत नाहीत.

माप कधी द्यायचे, कुठे द्यायचे

घाई इथेच होते. शिंप्याच्या टेपने दर आठवड्याला, शक्यतो सकाळी, दोन ठिकाणी घेर मोजा: वाटीच्या खालच्या कडेपासून पाच सेंटिमीटरवर आणि दहा सेंटिमीटरवर. वहीत लिहा. आकडा उतरत असेपर्यंत थांबा. लागोपाठच्या दोन-तीन आठवड्यांत तो जवळजवळ तसाच राहिला, जखम कोरडी आहे, गुडघा सरळ होतोय, की माप द्यायला हरकत नाही. साधारणपणे ही वेळ ऑपरेशननंतर सहा ते बारा आठवड्यांत येते. मधुमेहात उशीर होतो.

पाय बसवणाऱ्या तज्ज्ञाला प्रोस्थेटिस्ट म्हणतात आणि त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. विचारायला संकोच करू नका. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे, ते मुख्यतः सैन्यदलांसाठी. अनेक जिल्ह्यांत जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रे आहेत. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून उत्पन्नाच्या अटीवर मोफत किंवा सवलतीत पाय मिळतो.

शिबिरांबद्दल स्पष्टच लिहायला हवे. मोफत शिबिरात एक-दोन दिवसांत पाय मिळतो आणि तो पाय वाईट नसतो. पण शिबिर उठून जाते आणि पहिल्याच वर्षी स्टंप सगळ्यात जास्त बदलतो. म्हणून पहिला पाय शक्यतो अशा ठिकाणी घ्यावा जिथे परत परत जाता येईल. शिबिर दुसऱ्या, तिसऱ्या पायासाठी उत्तम. शिबिरातच घ्यायचा असेल तर दुरुस्तीचे सगळ्यात जवळचे केंद्र कोणते ते तिथेच लिहून घ्या. जाताना स्टंप बांधूनच जा आणि माप घ्यायच्या क्षणीच सोडा. तासभर उघडा राहिलेला स्टंप सुजतो आणि माप मोठे निघते. हाफ पँट आणि रोज घालायची चप्पल किंवा बूट बरोबर न्या, दोन्ही पायांचे.

कागदाचे काम पायाची वाट न बघता सुरू करावे. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज करायचा. तपासणी सिव्हिल हॉस्पिटलसारख्या सरकारी रुग्णालयात होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या आरक्षणासाठी आणि बऱ्याच योजनांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. गुडघ्याखालची कापणी त्याच्या वरच धरली जाते. एसटीची सवलत आणि तहसीलमधली संजय गांधी निराधार योजना यांच्या अटी वेगवेगळ्या आहेत, पण सुरुवात याच कार्डापासून होते.

पाय आल्यावरचे पहिले दिवस

पहिल्या दिवशी अर्धा तास. काढा, स्टंप बघा, टोकाची आणि मागची बाजू आरशात. मग पुन्हा अर्धा तास. कातडी ठीक असेल तर रोज थोडे थोडे वाढवत न्या. लग्नकार्य आहे म्हणून पहिल्याच आठवड्यात दिवसभर पाय घालणारा माणूस पुढचे दोन आठवडे फोडांमुळे घरी बसतो.

लाली कुठे आली हे वाचायला शिका. साध्या सॉकेटमध्ये वजन मुख्यतः वाटीखालच्या जाड शिरेवर, नडगीच्या आतल्या उतारावर आणि मागच्या मांसावर पडते. तिथे लाली येणारच; पाय काढल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ती गेली पाहिजे. बाहेरच्या बाजूला गुडघ्याखाली एक हाडाचे टेंगूळ लागते तिथे, किंवा नडगीच्या कापलेल्या टोकावर लाली आली, तर मात्र सॉकेट दुरुस्त करून घ्यावे लागते. घरी कानस घेऊन घासू नका. बोट ठेवून दाखवता यावे म्हणून लाली ताजी असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

चालायला शिकताना दोन वजनकाटे उपयोगी पडतात. ओट्याला धरून प्रत्येक काट्यावर एक पाय ठेवायचा. साठ किलोच्या माणसाने कृत्रिम पायाच्या काट्यावर तीस आणून दाखवायचे. सुरुवातीला दहा-बाराच येतात, कारण भरवसा नसतो. भरवसा नसला की चांगला पाय घाईने, आखूड पडतो आणि चाल लंगडी होते. म्हणून लक्ष कृत्रिम पायाकडे न ठेवता चांगल्या पायाचे पाऊल लांब टाकण्याकडे ठेवावे. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कृत्रिम.

मोज्यांचे गणित

बहुतेकांना हे कुणी समजावून सांगत नाही, आणि पाय कोपऱ्यात जाण्याचे सगळ्यात मोठे कारण हेच आहे. सॉकेट कडक असते, ते बदलत नाही. स्टंप बदलतो: वर्ष-दीड वर्ष तो बारीक होत राहतो, शिवाय एकाच दिवसात सकाळी जाड आणि दुपारी बारीक असतो. मधली जागा मोज्यांनी भरायची असते. स्टंपचे मोजे एक, तीन, पाच प्लाय अशा जाडीचे मिळतात. जिथे प्लाय लिहिलेले नसते तिथे पातळ आणि जाड असे दोन तरी ठेवा.

मोजा कमी पडला की स्टंप खोल जातो. वाटीची खालची कड सॉकेटला लागते, टोक तळाला आपटते, पाऊल उचलताना पाय खाली सरकतो आणि टेकवताना हवेचा फुस्स आवाज येतो. उपाय: बसा, पाय काढा, एक पातळ मोजा वाढवा. मोजा जास्त झाला की उलटे. स्टंप तळापर्यंत पोचत नाही, पाय लांब वाटतो, मागची कड मांडीमागच्या शिरांत रुतते. याकडे दुर्लक्ष करू नका. टोक आत अधांतरी राहिले की तिथे रक्त साकळते, कातडी जांभळी, ओलसर आणि पुढे चामखिळीसारखी खडबडीत होते.

टोक टेकते की नाही हे तपासायची युक्ती प्रोस्थेटिस्ट वापरतात: सॉकेटच्या तळाशी मऊ मातीची सुपारीएवढी गोळी टाकायची, पाय घालून उभे राहायचे आणि काढून बघायचे. गोळी जराशी दबली तर बरोबर. चपटी झाली तर स्टंप फार खोल जातोय. जशीच्या तशी राहिली तर पोचतच नाही.

बाहेर जाताना पिशवीत दोन पातळ मोजे नेहमी असावेत. मोजा चढवताना सुरकुती राहू देऊ नका आणि शिवण व्रणावर येऊ देऊ नका. मोजे रोज धुवायचे. वाळलेल्या घामाने कापड कडक होते आणि पॉलिश पेपरसारखे घासते. सगळे मिळून दहा प्लायच्या पुढे मोजे लागायला लागले की सॉकेटचा आकार हरवला म्हणायचा. आता नवे सॉकेट हवे. पहिल्या वर्षात हे होणे नेहमीचेच आहे, त्यात पहिल्या पायाचा काही दोष नाही.

स्टंप रात्री धुवा, सकाळी नको. ओलसर कातडी सॉकेटमध्ये सोलते. साधा साबण, स्वच्छ पाणी, नीट पुसणे, बस. पाय घालण्याआधी तेल, क्रीम, पावडर काही नको आणि केस काढायचे नाहीत, कारण खुंट कातडीत शिरून पुटकुळ्या होतात. फोड आला तर फोडू नका. कातडी उघडी पडली असेल तर भरेपर्यंत पाय बंद, बँडेज पुन्हा सुरू.

जयपूर फूट, चप्पल आणि चिखल

१९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी हे पाऊल घडवले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते देशभर पोचवले. आत स्पंजी रबर आणि लाकडाचे ठोकळे, वरून कातडीच्या रंगाचे रबर, सगळे साच्यात भाजून एकजीव केलेले. घोट्यात ते अनेक दिशांना वाकते, म्हणून मांडी घालता येते, उकिडवे बसता येते, अनवाणी शेतात उतरता येते. बूट गृहीत धरून बनवलेल्या पावलांना हे जमत नाही. ज्याला भातलावणी करायची आहे त्याने महागड्या पावलाच्या मोहात पडण्याआधी हा विचार करावा.

पण उकिडवे बसणे फक्त पावलावर अवलंबून नसते. सॉकेटची मागची कड उंच असेल तर गुडघा पूर्ण दुमडताना ती चिमटते. म्हणून पाय ताब्यात घेण्याआधी तिथेच खाली बसून, उठून, मांडी घालून बघा. नंतर घरी कळले तर पुन्हा प्रवास.

टाचेची उंची हा दुसरा घोळ. पाय ज्या उंचीवर जुळवलेला असतो त्याहून उंच टाचेची चप्पल घातली की नळी पुढे झुकते आणि गुडघा मोडल्यासारखा होतो. टाच कमी झाली तर गुडघा मागे ढकलला जातो, सपाट रस्त्यावरही चढ चढल्यासारखे वाटते. नवे पादत्राण घेताना जुन्याच्या टाचेची उंची मोजून न्या.

पावसाळ्यात चिखल चालतो, पण घरी आल्यावर पाऊल धुऊन पुसून ठेवा. बोटांच्या मुळाशी आणि घोट्याशी रबराला चीर पडते का ते महिन्यातून एकदा वाकवून बघा. चिरेतून पाणी आत गेले की लाकूड कुजते, बोल्ट गंजतो आणि पाऊल डुगडुगायला लागते. गुडघ्यावरचा पट्टा सैल पडला तर चालताना पाय गळतो. पट्टा स्वस्त असतो, जादा एक घेऊन ठेवा. पाय उन्हात, चुलीजवळ किंवा बंद गाडीच्या काचेशी ठेवू नका. एचडीपीई या प्लास्टिकचे सॉकेट पाइप तापवूनच घडवलेले असते, उष्णतेने त्याचा आकार बिघडतो.

उरलेला पाय

मधुमेहामुळे एक पाय गेला असेल तर दुसराही धोक्यात आहे, आणि आता तो दुप्पट राबतो. रोज रात्री तळवा आरशात आणि बोटांच्या बेचक्या हाताने उघडून बघा. घरातही चप्पल घाला, मऊ एमसीआर रबराच्या तळव्याची. नखे सरळ कापा, कुरूप ब्लेडने कापू नका, गरम पाण्यात पाय शेकू नका. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून तळव्याला फोड आलेले लोक दरवर्षी दवाखान्यात येतात. त्यांना चटका कळलेलाच नसतो. जाड मोजे घालून जा किंवा सकाळी लवकर दर्शन घ्या.

या पायाची पोटरी अचानक सुजली, दुखून गरम झाली, किंवा स्टंपला वास, पू, काळी कड, ताप यातले काही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर. बाकी सगळे ठीक असले तरी पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी प्रोस्थेटिस्टला पाय दाखवा, आणि जाताना घेराचे आकडे लिहिलेली ती वही बरोबर न्या.